तीनच फेऱ्या

"योगू, येतेस का डंजनमध्ये? एकट्याला आत सोडत नाहीत गं." रोज संध्याकाळी कल्याणहून बाबांचा फोन यायचा आणि ठाण्यात योगिनी नाइलाजाने मोबाइलवर गेम उघडायची. तेच भुयार, तेच राक्षस. फोन चालू ठेवून दहा-दहा फेऱ्या व्हायच्या. बाबांचा नेम चुकायचा, तरी हौस काही फिटायची नाही.

एका डंजनमध्ये दिवसाला तीनच फेऱ्या ठेवाव्यात का, असं गेमवाल्यांनी खेळाडूंना विचारलं. खाली मोठा वाद पेटला होता. योगिनीने तो न वाचताच 'हो' दाबलं. मर्यादा आली.

"कुठल्या रिकामटेकड्यांनी मतं दिली असतील गं?" बाबा चिडले होते.

"काय माहीत," ती म्हणाली. मग रोज तिसरी फेरी झाली की ती सुटायची.

बाबांचं तेरावं झाल्यावर ती त्यांचं गेममधलं खातं बंद करायला बसली, तेव्हा तो वाद तिने पहिल्यांदा वाचला. मर्यादेविरुद्ध बाबा एकटेच भांडत होते. पोरं त्यांची खेचत होती.

"काका, या वयात बक्षिसांची एवढी हाव?"

"बक्षीस कोणाला हवंय? फेऱ्या चालू असतात तोवर मुलगी फोनवर असते."

"मग तिला असाच फोन करा ना, काका."

"केला होता रे. असाच केला की तिला काम असतं."