दोन बावटे

"अमेरिकेत वर्षभरात पायलटचं लायसन हातात मिळतं. युरोपात तेरा लेखी पेपर, वर दोन वर्षं. मग युरोपच कशाला रे पायजे तुला?" किनाऱ्याकडे जाता जाता दिनानाथने पुन्हा विचारलं.

"तेरा पेपर हायत म्हणूनच, बाबा. पाया पक्का होतो," निकेत म्हणाला.

लहानपणापासून पोराला दुसरं वेडच नव्हतं. थळच्या वाळूत उताणा पडून विमानं मोजायचा. दिनानाथला मात्र तो लवकर परतायला हवा होता. बायको पूनम गेल्यापासून घरात दोघंच. आज एजंटला उत्तर द्यायचं, आणि बापलेक दोघंही हट्टाला पेटलेले!

शेवटी घरची जुनी रीत कामी आली. होडीच्या काठीला दोन बावटे सैल गाठीने बांधायचे, सकाळी जो टिकेल तो कौल. ज्याचा प्रश्न, त्याने आधी बघायचं. पूनमचं स्थळही असंच ठरलं होतं, आणि काय सोन्यासारखी बाई मिळाली! काल संध्याकाळी दिनानाथने तेच जुने, विटके बावटे काढले. लाल अमेरिकेचा, हिरवा युरोपचा.

"आईनं पिकल्या मिरच्या तोडायला धाडलं, तर टोपलीभर हिरव्या आणल्यास. आठवतंय?"

"पुरे ना, बाबा!"

"अन् होडीचे दिवे? डावीकडं लाल सांगितला, तर हिरवा लावलास."

"विमानालाही तसेच असतात. डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा."

"तिथं तरी येंधळेपणा करू नको म्हणजे झालं!"

दोघंही पोट धरून हसले. पोराचं ध्यान आभाळात, पूनम म्हणायची. तिच्या आठवणीने दिनानाथला भरून आलं.

सोमवारी मुंबईत डॉक्टरी तपासणी होती. कान, डोळे, रंग ओळखणं. एकात जरी नापास झाला तरी विमान कायमचं बंद. पण निकेतला लांबून येणारी होडी सगळ्यांच्या आधी दिसायची. त्याच्या डोळ्यांची कसली आलीय काळजी?

निकेत पुढे धावला. दिनानाथ गुडघे सांभाळत मागून निघाला. आई एकवीरे, लाल राहू दे, तो मनात म्हणत होता.

पोचला तेव्हा निकेत होडीपाशी मान खाली घालून उभा होता.

"तू जिंकलास, बाबा," तो कसनुसं हसला. "लालच टिकलाय. जातो अमेरिकेला."

दिनानाथने हरखून वर पाहिलं.

काठीवर हिरवा बावटा फडफडत होता.