कळलं की!

घरी सरावाला घेतलेला, बोजड शब्दांनी ठासून भरलेला उतारा संपला आणि शाल्मलीच्या टोपीवरचा दिवा हिरवा झाला. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत आता उत्तरं लिहायची नसत. वाचलेलं, ऐकलेलं खरोखर उमगलं, तरच दिवा हिरवा होई.

"आण इकडे, बघू मला जमतंय का," म्हणत तिच्या नवऱ्याने, मिहिरने टोपी चढवली.

शाल्मली म्हणाली, "प्रवेश मिळाला, तर मी दोन वर्षं चंद्रावर असेन."

"कळलं की! कितीदा सांगशील?"

दिवा लालच राहिला.

तिने त्याचा हात धरून तेच सावकाश सांगितलं. दिवा हिरवा झाला आणि मिहिर तिला ओट्यापाशी घेऊन गेला.

"मग मला आमटी शिकव," तो म्हणाला.

"तेल तापलं, की आधी मोहरी..."

दिवा पुन्हा लाल! हसत हसत शाल्मलीने आपला अभ्यास थांबवला आणि त्याचा सुरू केला.