चिमूटभर जायफळ

दुर्बीण शोधताना फिनबारने उशी उचलली, तर खाली वायरलेसचा माईक. उशीच्या काठाने त्याचं बटण दाबलं गेलं होतं आणि यंत्रावरचा लाल दिवा पेटलेला होता. त्याने माईक ओढून काढला. दिवा विझला, आणि त्याच क्षणी यंत्रातून मॅलकीचा आवाज आला, वाक्याच्या मधूनच.

“...दाबलं गेलंय. नोरीन, फिनबार, तुमचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातंय. माईक बघा.”

आवाज थकलेला होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून येतो तसा थकवा. मग तटरक्षक दलाच्या बाईंनी सोळा नंबर, सगळ्या बोटींचा सामाईक चॅनल, मोकळा झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांचे आभार मानले.

“किती वेळ?” नोरीनने विचारलं. सुकाणूवरचा तिचा हात तसाच होता.

फिनबारने घड्याळ पाहिलं. लिझर्डचं दीपगृह ओलांडल्याचं मॅलकीला कळवून त्याने माईक खाली ठेवला होता, तेव्हा पावणेतीन झाले होते. आता तीन दहा. यंत्र जुनं. बटण दाबलेलं असेपर्यंत ते फक्त बोलत राहतं, ऐकत नाही. आणि सोळा नंबर तर प्रत्येक बोटीवर चालू ठेवावाच लागतो.

पंचवीस मिनिटांतलं बोलणं नोरीन क्रमाने आठवू लागली. आधी आल्याची बिस्किटं. शेवटची दोन फिनबारने तिला न विचारता खाल्ली म्हणून ती चिडली होती. मग रात्रीचं जेवण. जेवणावरून मॅलकी.

मॅलकीची बोट अर्धा मैल पुढे चालली होती. किन्सेलहून निघाल्यापासून तीन आठवडे ती अशीच सोबत होती. त्याच्या बायकोला, एथ्नाला, दफनभूमीत पोचवून आले त्या दिवशी नोरीननेच त्याला म्हटलं होतं, उन्हाळ्यात एकटा राहू नकोस, आमच्याबरोबर चल. तो आला. रोज संध्याकाळी यांच्या बोटीला आपली बोट बांधून जेवायला यायचा. यांच्याकडे वाडगे दोनच, म्हणून स्वतःचा वाडगा घेऊन यायचा.

फिनबारने त्याची नक्कल केली होती. नक्कल उत्तम झाली होती. सुपाचा चमचा हवेत थांबवायचा, नाक ओढायचं, आणि म्हणायचं, “आमची एथ्ना यात चिमूटभर जायफळ घालायची.” नोरीन हसली होती. पुन्हा कर म्हणाली होती. त्याने पावावरून केली, पावसावरून केली, दोराच्या गाठीवरून केली. मग ती म्हणाली होती, “बाई जिवंत होती तेव्हा तिचं एक वाक्य याने धड ऐकून घेतलं नाही. आता बघ, सगळं तोंडपाठ.”

ते तीन वाजता. म्हणजे ते ऐकल्यावरही मॅलकी दहा मिनिटं त्यांना सावध करत राहिला होता.

“मागे फिरून फालमथला जाऊ या का?” फिनबार म्हणाला. “इंजिनात बिघाड झाला असं कळवू त्याला.”

“वायरलेसवरून?” नोरीनने विचारलं.

सहाच्या सुमाराला ते न्यूलिनच्या बंदरात शिरले. शेजारच्या बोटीवरचा उन्हाने लाल झालेला एक इंग्रज गृहस्थ चहाचा मग उंचावून म्हणाला, “तुम्हीच ना ते? दुपार मजेत गेली हो आमची.” बाकी धक्क्यावरचे सगळेच आपापले दोर न्याहाळत होते.

मॅलकी आधीच पोचला होता. रोजच्यासारखा तो दोर झेलायला उभा राहिला. फिनबारने दोर फेकला आणि बोलू लागला. उशी कशी घसरली, बटण नेमकं काठाखाली कसं आलं, हे सगळं त्याने तपशीलवार सांगितलं.

मॅलकीने गाठ पक्की केली. “माईकला हूक असतो,” तो म्हणाला. “त्याला अडकवत जा.”

तो आज येणार नाही असं दोघांनाही वाटत होतं. बहुधा येऊ नये असंही वाटत होतं. सात वाजता तो आला, वाडगा घेऊन. दुसऱ्या हातात आल्याच्या बिस्किटांचा पुडा होता. तो त्याने नोरीनसमोर ठेवला. कोणी फोडला नाही.

माशांचं सूप होतं. तो नीट जेवला. वारा पश्चिमेकडे वळतोय म्हणाला, डिझेल इथेच भरून घ्या म्हणाला. पाव तोडताना “आमची” एवढंच म्हणाला आणि थांबला. मग मीठ मागितलं.

नोरीनला राहवलं नाही.

“मॅलकी,” ती म्हणाली, “एथ्ना यात काय घालायची रे? माझं काही तसं होत नाही.”

त्याचा चमचा हवेत थांबला. फिनबारने खाली पाहिलं. मॅलकीने मान वळवून दाराशेजारी नजर टाकली. माईक हुकाला अडकवलेला होता.

“आठवत नाही आता,” तो म्हणाला, आणि उरलेलं सूप पावाने पुसून घेऊ लागला.