चांगलं लक्षण

डॉक्टरांनी टेबलावर चार कुरमुरे टाकले. भाविकाच्या मांडीवर बसलेल्या प्रणितने ते बराच वेळ न्याहाळले आणि मग अंगठा नि बोटाच्या चिमटीत एक अलगद उचलून तोंडात टाकला.

"अरे वा! चिमूट जमते आम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

पनवेलच्या त्या दवाखान्यात डॉक्टर मिताली नव्यानेच आल्या होत्या. नवव्या महिन्याची सुई टोचायच्या आधी त्या प्रत्येक बाळाची अशी हसतखेळत परीक्षा घ्यायच्या. त्यांनी खुळखुळा रुमालाखाली दडवला. प्रणितने रुमाल ओढून फेकून दिला आणि खुळखुळा ताब्यात घेतला.

"समोर दिसत नसलं तरी वस्तू तिथेच आहे, हे कळतंय त्याला. डेव्हलपमेंट अगदी वयाप्रमाणे आहे. आई, छान वाढवलंय हां तुम्ही."

हे 'आई' भाविकाला होतं. भाविकाने शेजारच्या खुर्चीतल्या मनिषाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. पण मनिषाने मानेनेच 'राहू दे' म्हटलं.

मनिषाला शिरढोणला सासरी परत येऊन आठच दिवस झाले होते. बाळंतपणानंतर दुसऱ्याच महिन्यात तिचं मन आजारी पडलं. झोप उडाली, घास उतरेना. बाळ पुढ्यात ठेवलं तर "हे कुणाचं पोर?" म्हणून विचारायची. आधी इस्पितळ, मग मोरा गावी माहेर, असे सात महिने गेले. ते सात महिने प्रणितला थोरल्या जावेने, भाविकाने वाढवलं. लग्नाला अकरा वर्षं होऊनही भाविकाची कूस उजवली नव्हती. आता मनिषा बरी होती. गोळ्या तेवढ्या चालू होत्या, आणि दूध केव्हाच आटलं होतं.

"आता जरा या मावशींकडे द्या बरं त्याला," डॉक्टर म्हणाल्या.

मनिषाने पदराला हात पुसले आणि पुढे केले. आठ दिवसांत असं कुणी आपणहून तिच्याकडे बाळ दिलं नव्हतं. प्रणित तिच्या हातात आला. त्याने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. ती हसली. त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, थरथरला, आणि त्याने असा टाहो फोडला की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकावल्या. तो मागे वळून, दोन्ही हात ताणून भाविकाकडे झेपावत होता. भाविकाने त्याला घेतलं तसा तो तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झाला.

डॉक्टर हसल्या. "व्हेरी गुड! या वयाचं बाळ अनोळखी माणूस बघून रडतं. आपलं कोण, परकं कोण, हे समजायला लागलंय त्याला. चांगलं लक्षण आहे."

भाविका प्रणितची पाठ थोपटत राहिली.

"डॉक्टर," शेवटी भाविका म्हणाली, "आई ती हाय. मी त्याची मोठी आई."

डॉक्टरांचं पेन कार्डावर थांबलं. "सॉरी," त्या म्हणाल्या. "मला खरंच..."

"नाय, तुमी काय चुकीचं नाय बोललात," मनिषा घाईने म्हणाली. "चांगलं लक्षण हाय ना? मग बरंच हाय." तिने डॉक्टरांकडे पाहत विचारलं, "माजी वलख किती दिवसांत होईल त्याला?"

"दिवस नाही सांगता येणार. त्याला ओढून घेऊ नका. रोज जवळ बसा, बोला, भरवा. तो आपणहून येईल. आणि यांच्यापासून त्याला एकदम तोडूही नका."

भाविकाने हे ऐकलं आणि मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेची एक छटा येऊन गेली, ती मनिषाने पाहिली. पाहिली, आणि तिला जावेचा रागही येईना.

सुई टोचली तेव्हा प्रणित पुन्हा कळवळला. मनिषाने त्याच्या पावलावरून हात फिरवला. त्याने पाय आखडून घेतला.

परतीला गावातल्याच काळूरामची रिक्षा होती. हायवेला लागेपर्यंत प्रणित मुसमुसत भाविकाच्या खांद्यावर झोपून गेला. पळस्पे मागे पडल्यावर भाविकाने हळूच म्हटलं, "झोपलाय. घे."

"उठंल, वयनी."

"नाय उठायचा. घे तू."

दोघींनी मिळून त्याला अलगद मनिषाच्या मांडीवर घेतलं. त्याची मान भाविकाने शेवटपर्यंत सोडली नाही, मग सोडली. मनिषाला तो केवढा तरी जड वाटला. तिच्या आठवणीतलं मूल कोपरापासून मनगटापर्यंत मावायचं. याच्या केसांना घामाचा वास होता. श्वास गरम लागत होता. झोपेतच त्याने तिचं बोट मुठीत धरलं, आणि तिने आपला श्वासही बेताने घ्यायला सुरुवात केली.

शिरढोणचा फाटा आला. काळूरामने वेग कमी केला.

"काळूरामदादा," मनिषा अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "नको वळवू. तसंच पुढं कर्नाळ्यापर्यंत जाऊ दे ना."

काळूरामने आरशातून भाविकाकडे पाहिलं. रिकाम्या झालेल्या मांडीवर दोन्ही हात ठेवून ती बाहेर बघत होती.

"जाऊ दे," ती म्हणाली. "जागा झाला का मंग वळव."