सुनेची पाठवणी

अप्पारावांनी बानाबाईच्या खांद्यावर शाल टाकली, तेव्हा देवळासमोरच्या मांडवातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. लग्न सुनेचं, अन् सत्कार सासूचा. करमाडच्या आसपास असं कुणी पाहिलं नव्हतं.

"पोटचा पोरगा गेला, अन् वरीस व्हायच्या आत या माउलीनं सुनेला लेकीसारखी उजवली," सरपंच अप्पाराव माईकवर म्हणाले. "काळीज लागतं याला, काळीज!"

टाळ्या पडल्या. बानाबाई मान खाली घालून उभी राहिली. तिचा नवरा मल्हारी फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, चारचौघांत बायकोचं एवढं कौतुक तो पहिल्यांदाच ऐकत होता.

त्यांचा थोरला मुलगा अंगद शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला होता. मागच्या पोळ्याच्या सुमारास, पाळी संपवून मोटरसायकलवर घरी येताना जालना रोडवर कंटेनरनं त्याला उडवलं. त्यानंतर त्या घरात दोन बाया एकच रडणं रडत राहिल्या. सकाळी चुलीपाशी अंगदची बायको शीला रडायची, ती थांबली की बानाबाई. रात्री दोघी एकाच वाकळेवर निजायच्या. भेटायला आलेल्यांना बानाबाई सांगायची, "माझं दुःख फकस्त शीलाला कळतंय."

संक्रांतीनंतर काय झालं कुणास ठाऊक. बानाबाईनं एकाएकी सुनेसाठी स्थळ बघायचं मनावर घेतलं. भावकीतल्या माणसांनी सुचवलं, धाकट्या दिराशी, हनुमानशी पाट लावा, घरचं माणूस घरात राहील. हनुमान तयार होता. शीलानंही नाही म्हटलं नव्हतं. पण बानाबाई अडून बसली.

"या घरात नाय. तिला दूर द्यायची."

लोकांना ते फार पटलं. पोरीला जुन्या आठवणींतून सोडवायचं म्हणते, केवढा विचार केला म्हातारीनं! मल्हारीनं सोयगावचं स्थळ आणलं. गोकुळ नावाचा शेतकरी, पहिली बायको आजारानं गेलेला, निर्व्यसनी.

"पोरगा चांगलाय, पण सोयगाव लई लांब पडतं," मल्हारी म्हणाला.

"पडू द्या."

त्या रात्री शीला बानाबाईच्या पायाशी येऊन बसली. "आत्या, मला नका पाठवू. मी तुमच्यापाशीच राहते."

बानाबाईनं कूस बदलली. दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या क्रांती चौकात गेली अन् स्वतः निवडून लग्नाची साडी घेऊन आली.

आता ती साडी नेसलेली शीला गाडीपाशी उभी होती. तिनं मल्हारीच्या पायांना हात लावला. मग बानाबाईकडं आली अन् एकदम तिच्या गळ्यात पडली. बायांना हुंदका फुटला. पोरांनी मोबाइल वर धरले. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून सून रडतेय असंच सगळ्यांना दिसत होतं. शीला मात्र तिच्या कानाशी बोलत होती.

"आत्या, त्या दिवशी मी हसले, म्हणून ना?"



संक्रांतीनंतरच्या त्या दिवशी बानाबाई मेंढरांना पाणी पाजून घरी आली, तर आतून हसणं ऐकू आलं. शीला फोनवर बोलत होती. बोलता बोलता पोट धरून हसत होती. अंगदच्या घरात अंगदची बायको हसत होती. बानाबाई दारातच थबकली. अंगद कंटेनरखाली गेला तो एकदा, अन् आता या पोरीच्या मनातून गेला तो दुसऱ्यांदा, असं तिला वाटलं. तेव्हापासून शीलाच्या हातची भाकर तिच्या घशाखाली उतरली नव्हती. शीला समोर आली की तिचं अंग जळायचं. पण हे बोलायचं कुणापाशी? म्हणून तिनं स्थळ बघितलं, अन् जमेल तितकं लांबचं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. आज तिला खोटं बोलवेना.

शीलानं मिठी सोडली नाही.

"फोनवर ज्ञानेश्वरीताई व्हत्या," ती म्हणाली. ज्ञानेश्वरी म्हणजे बानाबाईची सासरी नांदणारी लेक. "ह्यांचीच गोष्ट सांगत व्हत्या. लहानपणी ह्यांनी दप्तरात कोकरू घालून शाळेत नेलं व्हतं. मास्तरांनी हजेरीला 'अंगद' म्हटलं, अन् हे काय बोलायच्या आत दप्तरातून कोकरूच ओरडलं. घरी सांगशील तर बघ, म्हणून ताईला शपथ घातली व्हती."

बानाबाईनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायांनी दोघींना सोडवलं, शीलाला गाडीत बसवलं. बानाबाई शाल सावरत गाडीमागं दोन पावलं गेली, अन् काचेला हात टेकून उभी राहिली.

शीलानं काच खाली केली.

"तुम्हाला सांगायलाच उठले व्हते, आत्या. दारात तुमचं तोंड बघितलं, अन् सांगायचं राहिलं."