चर्चेचा आकडा

खांद्यावर शाल पडली, तरी निकिताची नजर मोबाइलवरून हलेना. प्राचार्यांनी पुढं केलेला नारळ तिनं डाव्या हातानंच घेतला.

"आपल्या मॅडमच्या शोधनिबंधाची समाजमाध्यमांवर जगभर चर्चा चाललीय," प्राचार्य माइकवर सांगत होते. "एका रात्रीत चर्चेचा आकडा तीनवरून एकशे चाळीसवर गेला!" हा आकडा कोण मोजतं, कसा मोजतं, सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडा मोठा आहे, एवढं टाळ्यांना पुरेसं होतं.

चर्चा आहे तरी काय, ते निकितानं सत्काराच्या खुर्चीत बसूनच उघडून पाहिलं होतं. परदेशातल्या एका संशोधकानं तिच्या निबंधातला तक्ता टाकून शेळ्यांच्या जंतांच्या औषधावर लाल गोल काढला होता. दशांशाचं टिंब सुटलंय. दसपट मात्रा, शेळी दगावेल. खाली सगळे तेच म्हणत होते, काही दात काढत होते. आकड्याला काय, ओव्या काय नि शिव्या काय, सगळं सारखंच.

अब्रू गेली ती गेलीच. पण खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. आकडा वाढावा म्हणून परवा तिनंच सगळा सारांश मराठीत, मात्रेसकट, तेर गावच्या शेळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. व्हॉट्सॲप त्या आकड्यात धरतच नाहीत, हेही तिला आत्ता कळत होतं.

ती तशीच उठून व्हरांड्यात आली आणि तिनं त्याच ग्रुपवरच्या चुलत्याला फोन लावला.

"तात्या, मी पाठवलेलं औषध पाजलं का कुणी?"

"न्हाय गं," बिभीषणतात्या ओशाळले. "खरं सांगू का, एवढं लांबलचक कोण वाचतंय? तुझा फोटू बघून समद्यांनी अंगठा दिला."

तिच्या जिवात जीव आला. आपलं लिखाण कुणी वाचलं नाही, याचा एवढा आनंद तिला कधीच झाला नव्हता. भिंतीला टेकून ती चक्क हसली.

"पर तू नाराज होऊ नगंस," तात्या घाईघाईनं म्हणाले. "म्या फुडं लई धाडलंय. भूमच्या बाजारातल्या समद्या ग्रुपवर गेलंय. सकाळधरनं लोकं इचारायलेत, एवढं औषध पाजायचं व्हय? म्या ठासून सांगितलं, आमची पोरगी प्रोफेसर हाय, डोळं झाकून पाजा."