खोडलेलं वैकुंठ

रेघ फूटपट्टी लावून मारलेली होती. निळ्या शाईची, जेमतेम दोन सेंटिमीटर. तिच्याखालचं ‘वैकुंठ’ तरीही स्पष्ट वाचता येत होतं. वर बारीक अक्षरात ‘स्वर्ग’ लिहिलेलं. आईच्या भक्तिगीतांच्या वहीत अशा अकरा जागा होत्या.

“आई, हे कोणी खोडलं?”

“मीच. तेव्हाचे फादर म्हणाले, हा शब्द आपला नाही.” आई वाल सोलत होती. “पण चालीत ‘स्वर्ग’ बसतच नाही, बाय. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मी अजून वैकुंठच गाते. एवढ्या आवाजात ऐकतंय कोण?”

मला हसू आलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. वसईच्या चर्चमध्ये हा शब्द आणला कोणी? आणि तो परका ठरला केव्हा? औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढली, पण हे मोजायला तिथे उपकरण नव्हतं. कॅथलिक विचार आणि संस्कृती या विषयातल्या एम.ए.चा अर्ज मी तीन वर्षं नुसता भरून ठेवत होते. वर्ग पूर्ण वेळचे, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. यंदाची मुदत आज संपत होती. आईला हे सगळं सांगितलं.

“ते तर फादर लोकांचं शिक्षण! सिस्टर होणार की काय? लग्न झालेल्या बाईला घेत नाहीत हो.” मग हळूच म्हणाली, “इनासला बोललीस?”

माझा नवरा अंगणात स्कूटर धूत होता. मी खिडकी उघडली.

“इनास, मी नोकरी सोडतेय. एम.ए.ला जातेय.”